कवळीचं अस्तर

शिंपीबाबांचं तोंड म्हणजे एके काळी दुकानातलं आणखी एक हत्यारच होतं. दोरा तोडायचा तो दातांनी, सुईत ओवायचा तो जिभेवर ओला करून, टाचण्या धरायच्या ओठांत, आणि एवढं सगळं तोंडात असूनही गिऱ्हाइकाची टिंगल चालूच. पुढच्या दोन दातांत दोऱ्याने चक्क खाच पाडली होती.

एक्याऐंशीव्या वर्षी त्या तोंडात काही धड उरलं नाही. दात गेले, हिरड्या झिजल्या, कवळी सैल झाली. लाळ इतकी आटली की दोऱ्याचं टोक ओलं करायला पाण्याची वाटी लागे. जेवताना कवळी टकटक वाजे, घास गालात साठून राही आणि शेवटी तो चोथा रुमालात, रुमाल उशीखाली. सून देवाधर्माची. सकाळची प्रार्थना आटोपून धुणं भिजवलेल्या पाण्यात हात घालावा, तर पहिला हाती लागे तो हाच बुळबुळीत रुमाल. "देवा, सेवा करीन म्हटलं होतं खरं," ती नाक दाबून म्हणे, "पण हे तू आधी दाखवायचंस ना!"

गेल्या पंधरवड्यात त्यात वासाची भर पडली. तुंबलेल्या मोरीचा असतो तसा. बाबा बोलायला लागले की सून मागे सरके. त्यांचं जेवण तर दोन घासांवर आलं, सदऱ्याची कॉलर मानेभोवती फिरू लागली. घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी बजावलं, "सोमवारपर्यंत खाणं सुधारलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल." मुलगा "वय झालं आता" म्हणून मोकळा झाला.

रविवारी सुनेने पदर खोचला.

"बाबा, कवळी काढा. घासून देते."

"नको. छान बसलीय."

"बसलीय, तर घास का जात नाही?"

"सूनबाई, मापाचं मला नको शिकवूस. जन्म गेला त्यात."

"लोकांच्या अंगावरच्या मापात गेला. आ करा."

"तुला किळस येईल गं."

"ती येतेच आहे, त्यात नवीन काय? आ करा, नाहीतर उद्या नळी."

नळी म्हणताच बाबांनी आ वासला. कवळी हिरडीला चिकटून बसली होती. ओढली तसे ते कळवळले. हातात आली आणि सून बघतच राहिली. आत कापड! कॉलरीत घालतात तो कडक बकरम, दुहेरी, कवळीच्या गोलाईवर बेतून कापलेला आणि गोंदाने डकवलेला. सैल पडलं की आतून अस्तर लावायचं, हा शिंप्याचा धर्म. तीन आठवडे त्यांनी कवळी काढलीच नव्हती. कापड हिरवं-काळं पडलं होतं, त्यात अन्न कुजलं होतं, आणि खालची हिरडी लालबुंद, वर पांढरे चट्टे. वासाचा भपकारा आला तशी सून बेसिनकडे धावली आणि सकाळचा चहा ओकली.

परत आली तेव्हा बाबा बोळक्या तोंडाने पुटपुटले, "म्हटलं होतं ना!"

"कोट समजलात का तोंडाला?" ती ओरडली. मग बोटाला ओलं मऊ फडकं गुंडाळून तिने हिरड्या पुसायला घेतल्या. श्वास रोखून ती पुसत राहिली. गालाच्या कोपऱ्यातून एक गोळा निघाला.

"हे कालचं?"

"परवाचंही असेल त्यात," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले.

बटाटा कुस्करून, दुधात सरसरीत करून तिने चमच्याने भरवला. ठसका लागू नये म्हणून हनुवटी खाली, घोट छोटा. बाबांनी वाटीभर खाल्लं आणि आणखी मागितलं.

सोमवारी नळी टळली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरड्यांना औषध दिलं, नव्या कवळीचं माप नंतर घेऊ म्हणाल्या आणि रोज दोनदा तोंड पुसायला सांगितलं. कोणी पुसायचं, हे विचारायची गरजच नव्हती.

रात्री सून देवापुढे बसली. "सेवा घडतेय, पण मायेने नाही रे, ओकारी गिळून," ती म्हणाली. "आहे तशीच पदरात घे."