निळ्या एप्रनचं इंग्रजी

हॉटेलच्या धुलाईखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. ओल्या चादरी उपसून उपसून तिचे गुडघे आता बोलायला लागले होते. अशात मुख्य बाईची जागा रिकामी झाली. त्या जागेला बसायला स्टूल होतं हो! अट एकच, बाटल्यांवरचे इंग्रजी शब्द कळायला हवेत. नाहीतर पाहुण्यांच्या कपड्यांचं वाटोळं.

मावशीचं आणि इंग्रजीचं कधी पटलं नव्हतं. पण बाई मोठी हिकमती. तिनं शब्द आपल्या जुन्या निळ्या एप्रनवरच बसवले. खिशापाशी डाग काढायचं औषध उडून पांढरे ठिपके पडले होते, ते ब्लीच. उन्हानं खांद्यावरचा रंग विटला होता, तो फेड. आणि पोटापाशी फिकट निळं उरलं होतं, ते पेल. शब्द अडला की मान खाली घालून बघायचं, झालं काम!

"आणि ब्लांच?" नवरा मुद्दाम विचारायचा. तो एका खानावळीत स्वयंपाकी. "उकळत्या पाण्यातून काढून साल सोलली की बदाम गोरा होतो, ते ब्लांच."

"ते तुमचं तुम्ही बघा. मला बदाम धुवायचे नाहीत."

परीक्षेच्या सकाळी तिनं दोरीवरून एप्रन काढला आणि तिचे डोळेच पांढरे झाले. एप्रन पांढराफेक!

"अहो, हे काय केलंत?"

"चांगला दुपारभर औषधात भिजवला काल," नवरा कौतुकानं म्हणाला. "साहेब लोकांसमोर डागाळलेला घालून जाणार होतीस? आता बघ, माझ्या कोटासारखा झालाय."

जन्मभर पांढरा कोट घातलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार!

"माझं सगळं इंग्रजी धुऊन टाकलंत की हो!" मावशीला रडूच फुटलं. नवऱ्याला काही उमजेना. दुसरा एप्रन नव्हता, म्हणून तोच घालून ती गेली.

मॅनेजरबाईंनी बाटली पुढे केली. "ब्लीच म्हणजे काय, मावशी?"

मावशीनं सवयीनं खाली पाहिलं. ठिपका नाही की डाग नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हेच! माझ्या नवऱ्यानं काल या एप्रनचं जे केलं ना, ते ब्लीच!"

खोलीत खसखस पिकली.

"बरं, फेड?"

"ते कुणी करत नाही, आपसूक होतं. माझ्या खांद्यावर होतं की! कितीतरी उन्हाळे खपले त्याला, आणि यांनी एका दुपारीत पुसलं."

"आणि पेल?"

"सकाळी हे बघून माझं तोंड झालं होतं, तसं."

मॅनेजरबाई हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग त्यांनीच स्टूल मावशीकडे सरकवलं.

संध्याकाळी नवरा दारातच उभा होता. हातात सोललेल्या बदामांची बशी, चेहरा पार उतरलेला. मावशीनं सावकाश चपला काढल्या, एक बदाम तोंडात टाकला आणि त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"पेल," ती म्हणाली.

"म्हणजे गेली का गं जागा?"

"म्हणजे तुमचं तोंड! जागा मिळाली." तिनं बशी त्याच्या हातातून घेतली. "आणि उद्या नवा एप्रन मिळणार आहे. निळा. त्याला हात लावाल तर खबरदार!"