पत्तीचं नाटक

लग्न होऊन लोहाऱ्याला आले त्याच वर्षी मी गावाचा रोष ओढवून घेतला, आणि तोही एका नाटकापायी.

माझं माहेर बार्शीचं. तिथं नाटक कंपन्या यायच्या. वडील शाळामास्तर होते, पण शाळेपेक्षा नाट्यगृहात जास्त रमायचे. नवरा लढाईवर गेलेल्या एका राणीचं संगीत नाटक त्या काळात वर्षानुवर्षं चालत होतं. ते मी वडिलांबरोबर चार वेळा पाहिलं, चार वेगवेगळ्या संचांत. एका संचातला राजा इतका अवजड होता की तो लढाईवर निघाला तेव्हा सिंहासनानं सुटकेचा श्वास सोडला असेल. दुसऱ्या एका संचात राणी पुरुष होता. त्याच्यासारखी राणी पुढं एकाही बाईला जमली नाही, असं वडील शेवटपर्यंत म्हणायचे. आई त्यावर फक्त कपाळाला हात लावायची.

तर तेच नाटक लोहाऱ्याची माणसं दरवर्षी जत्रेत करतात, असं कळल्यावर मी हरखून गेले. लोहारा तेव्हा एक मोठं खेडंच होतं. पोलीस ॲक्शन होऊन चार वर्षं झाली होती, उर्दू शाळा मराठी झाली होती आणि आमचे हे त्याच शाळेत शिकवत होते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाईंबरोबर, म्हणजे माझ्या सासूबाईंबरोबर, मी बायकांच्या बाजूला अगदी पुढं जाऊन बसले.

पडदा वर गेला आणि राणी आली. राणी म्हणजे गावचे पोस्टमास्तर. चाळिशी ओलांडलेली, मनगटं पैलवानाची, अंगावर आत्याबाईंचा लग्नातला शालू. त्यांनी एक हात काळजावर ठेवला, मान वर केली आणि आर्त हाक मारली, "पत्ती! मला टाकून कुठं गेलात हो, पत्ती!"

मला वाटलं, राजवाड्यातला चहा संपला. मी फिस्सकन हसले. हसणारी मी एकटीच होते. आत्याबाईंनी मांडीला असा चिमटा काढला की तो चार दिवस निळा होता.

"आत्याबाई, पती म्हणायचं असतं," मी कुजबुजले.

"आमाला कळत न्हाय व्हय? गप बस. आता रडायचं हाय."

आणि खरंच, आजूबाजूच्या सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या.

पत्तीचा उलगडा मला दुसऱ्या दिवशी झाला. गावचे जुने पटवारी नाटकाचे वेडे. निजामाच्या अमलात ते कामासाठी सोलापूरला गेले की हे नाटक बघायचे आणि परत येऊन आठवेल तसं उतरवून ठेवायचे. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, म्हणून नाटकही त्यांनी उर्दू लिपीतच लिहिलं. उर्दूत पती लिहा नाहीतर पत्ती लिहा, अक्षरं तीच. विंगेत वही धरून बसायचे तेही पटवारीच. स्वतःची वही स्वतःच वाचताना त्यांना पहिल्या वर्षी पत्ती दिसली, आणि राणीनं ती तशीच उचलली.

पाण्याला गेले तेव्हा आडावर मी ही गंमत सांगून बसले. वर हेही बोलले की बार्शीला राणी बारीक असते आणि सुरात असते. झालं. महिनाभर मला कुणी घागर उचलून द्यायला हात लावला नाही. "बार्शीची आली मोठी!" असं माझ्या पाठीमागं म्हणायच्या, तेही मला ऐकू जाईल अशा बेतानं.

दुसऱ्या वर्षी मी हसले नाही. तिसऱ्या वर्षी पत्तीची वाट बघायला लागले. चौथ्या वर्षी मीच आडावर भांडत होते की जुना राजा बरा का नवा.

जुना राजा कापडाचा व्यापारी. त्याच्या आणि पोस्टमास्तरांच्या, दोघांच्याही घरात कानडी बोलायचे. त्यामुळं राजा वाक्य विसरला की कानडीत शिरायचा, राणीही कानडीतच उत्तर द्यायची, आणि पटवारी विंगेतून "मराठी! मराठी!" म्हणून ओरडेपर्यंत त्या दोघांचा संसार कानडीत चालायचा. तो राजा दुकानाच्या व्यापात अडकल्यावर दवाखान्यातला कंपाउंडर राजा झाला. त्याचा गळा गोड होता, पण अंगावर मांस नव्हतं. लढाईहून जखमी होऊन तो राणीच्या मांडीवर पडतो, असा प्रवेश होता. पोस्टमास्तरांना ते पडणं कधी पसंत पडलं नाही. त्यांनी त्याला सरळ दोन्ही हातांवर उचललं आणि उचलूनच अख्खं पद गायलं. गावात दोन तट पडले. आत्याबाई व्यापाऱ्याच्या बाजूच्या. "राजा कसा वजनदार पायजे. ह्येला बघून राणीला विधवा व्हायचीच घाई दिसती," असं त्या म्हणायच्या. मी कंपाउंडरच्या बाजूची. एका घरात राहून आम्ही दोघी त्यावरून आठवडाभर एकमेकींशी मोजकंच बोलायचो, आणि मधल्या मधे आमचे हे दोघींच्या हातचं जेवून दोघींना हो म्हणायचे.

मग आगीचं वर्ष आलं. वीज चमकण्याच्या प्रवेशासाठी मंडळींनी तेरखेड्याहून शोभेची दारू आणली होती. वीज फारच चांगली चमकली. राजवाड्याचा पडदा पेटला, राणीनं शालू गुडघ्यापर्यंत खोचला आणि मुकुटासकट पाण्याच्या घागरी ओतल्या. कुणाला काही झालं नाही, पण पाटलांनी अंधार पडल्यावर नाटक करायचं नाही असं बजावलं. तेव्हापासून नाटक दुपारी चारला सुरू व्हायला लागलं. भर उन्हात राणी "काय हे शीतल चांदणं!" म्हणून घाम पुसायची आणि आम्ही डोक्यावर पदर ओढून चांदण्यापासून बचाव करायचो.

अशी नऊ वर्षं गेली. नवव्या वर्षी उमरग्याला एक खरी कंपनी आली. लोहाऱ्याची माणसं या नाटकावर जीव टाकतात, हे तिच्या मालकाला कुणीतरी सांगितलं, आणि त्यानं आमच्या गावात एक खेळ लावला. तोही दुपारीच, कारण पाटील आपल्या शब्दावरून हलले नाहीत.

अख्खं गाव लोटलं. पोस्टमास्तर पुढच्या रांगेत इस्त्रीचा कोट घालून बसले होते. पडदे नवे, पेटीवाला तयारीचा, आणि राणी खरीखुरी बाई. नाजूक, गोरी, आवाज असा की पहिल्याच पदाला माझ्या अंगावर काटा आला. मला वडील आठवले. तिनं हात काळजावर ठेवला, मान वर केली आणि म्हणाली, "पती, मला टाकून कुठं गेलात?"

 मग मागून कुणीतरी ओरडलं, "पत्ती!"

बाईला कळेना. तिनं वाक्य पुढं नेलं. पुढच्या "पती"ला दहा-वीस जण ओरडले, "पत्ती म्हण! पत्ती!" तिसऱ्या वेळी पोरंसोरं, म्हाताऱ्या, आमच्या आत्याबाई, सगळ्यांनीच गिल्ला केला. बाई जातिवंत नटी होती. एक क्षण थांबली, आमच्याकडं बघून डोळे मोठे केले आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "पत्ती!" अशा टाळ्या पडल्या की पेटीवालाही वाजवायचा थांबला. माणसं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती. मीही हसत होते. हसता हसता माझं लक्ष पुढच्या रांगेकडं गेलं. पोस्टमास्तर मागं वळून आमच्या सगळ्यांची तोंडं बघत होते. ते हसत नव्हते. थोड्या वेळानं बघितलं तर त्यांची जागा रिकामी होती.

पुढच्या जत्रेच्या तालमी सुरू व्हायच्या आधी त्यांनी मंडळींना कळवलं, मी राणी होणार नाही. कारण सांगेनात. चार माणसं जाऊन आली, पटवारी दोनदा जाऊन आले. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "चल गं. शालू माझा हाय, मला इचारायचा हक्क हाय."

आम्ही पोस्टात गेलो. मी एक कार्ड मागितलं. पोस्टमास्तरांनी कार्ड दिलं, शिक्के नीट लावून ठेवले आणि एकदम म्हणाले, "काकू, तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं ना?"

"काय?"

"पत्ती चूक आहे म्हणून. मला वाटायचं, राजेलोकांत तसंच म्हणत असतील. आपल्यासारख्यांचा पती, राजाचा पत्ती. जरा जोर असतो त्याला." त्यांनी कार्डांचा गठ्ठा उगाच पुढं सरकवला. "मी मराठी इथं येऊन शिकलो, वहिनी. निम्मी ह्या नाटकातनं शिकलो. बायांची पत्रं लिहून देतो, त्यातसुद्धा मी तेच लिहीत आलो. एकीच्या नवऱ्यानं सोलापुराहून चहाचा डबा पाठवला, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं."

मला हसू येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं. आम्ही नऊ वर्षं धरून चाललो होतो की ते मुद्दाम म्हणतात, आमच्या हौसेखातर. त्यांना ठाऊकच नसेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"नऊ वर्षं तुम्ही मला हसत होता," ते म्हणाले.

"व्हय, मनात हसत होतो," आत्याबाई म्हणाल्या. "नाटकाला काय सुतकात बसल्यावानी बसायचं? आन् रडत होतो ते बघितलं न्हाय का? माझा पदर पिळून घ्या, सांगंल तुमाला."

पोस्टमास्तर माझ्याकडं वळले. "वहिनी, तुम्ही बार्शीच्या. तुम्हाला गाण्यातलं कळतं. खरं सांगा. तिची राणी चांगली का माझी?"

"तिची," मी म्हणाले.

आत्याबाईंचा हात चिमट्यासाठी निघालेला मला दिसला. मी बाजूला सरकले आणि बोलत राहिले. "ती फार चांगली गाते. पण वरचा सूर लागणार, हे तिला आधीच माहीत असतं, आणि आम्हालाही. तुम्ही वर जायला लागलात की आमचा श्वास अडकतो. लागतोय का नाही, ह्या काळजीनं मुठी वळतात. लागला की आम्हाला वाटतं, आम्हीच लावला. तिच्या खेळात मी एकदाही मुठी वळल्या नाहीत."

त्यांनी शिक्क्यांची ओळ पुन्हा एकदा सरळ केली. मग म्हणाले, "म्हणजे माझा सूर लागत नाही."

"लागतो की. तीनातनं एकदा," आत्याबाई म्हणाल्या.

यावर मात्र ते हसले. राणी व्हायला तयार झाले, पण एका अटीवर. पती म्हणजे पती. पत्ती हा शब्द त्यांच्या तोंडून निघणार नाही.

त्या वर्षीसारखी गर्दी मी पुन्हा कधी पाहिली नाही. राणी आली, हात काळजावर गेला, आणि पोस्टमास्तर अगदी स्वच्छ म्हणाले, "पती."

सगळ्यांची तोंडं हिरमुसली. तेवढ्यात विंगेतून पटवारींचा आवाज आला, "पत्ती." त्यांना अट माहीत होती, पण वहीत जे आहे ते सांगणं हे त्यांचं काम होतं.

"पती," राणी म्हणाली.

"पत्ती," पटवारी.

"पती!"

"पत्ती लिहिलंय इथं!" पटवारी म्हणाले. त्यांची मान आता विंगेच्या बाहेर आली होती, हातात वही.

राणीनं शालू सावरला, विंगेकडं तोंड केलं आणि दम घेऊन म्हणाली, "पटवारीसाब! पती म्हणजे नवरा! पत्ती चहात घालतात, नवरा चहात घालत नाहीत! नवरा! माझा नवरा लढाईला गेलाय!"

आणि ते म्हणता म्हणता त्यांनी खरंच शालूच्या पदरानं डोळे पुसले. राजासाठी की नऊ वर्षांसाठी, ते मला सांगता येणार नाही. मैदानात एकदम हशा आणि टाळ्या उसळल्या, आणि मग बायका रोजच्यापेक्षा दहा मिनिटं आधीच रडायला लागल्या. त्यानंतरच्या पदाला वरचा सूर लागला. पुढच्या वर्षी पटवारींनी ती सगळी वादावादी वहीत उतरवून घेतली, आणि पटवारी नाटकातलं एक पात्र झाले.

पोस्टमास्तर आणखी दोन वर्षं राणी होते. मग त्यांची आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला बदली झाली. आमच्याकडं शाळेतल्या नव्या बाई राणी झाल्या. सुरेल होत्या, बिचाऱ्या सुंदरही होत्या. पण प्रत्येक वाक्यानंतर आम्ही "पोस्टमास्तरांसारखं नाही" म्हणायचो, म्हणून दोन जत्रांनंतर त्यांनी नाद सोडला.

वाशीलाही पोस्टमास्तरांनी मंडळी जमवली, तेच नाटक बसवलं आणि आम्हाला कार्ड धाडलं. एसटीनं, धूळ खात, आम्ही दोघी आणि आमचे हे गेलो. तिथं राणी एक तरुण शिंपी होता आणि पोस्टमास्तर राजा झाले होते. तलवार, मंदील, आणि ओठावर इवलीशी चिकटवलेली मिशी. ते आले आणि मोठ्या रुबाबात राणीपुढं उभे राहिले.

आत्याबाईंना राहवलं नाही. अख्ख्या वाशीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "अगं बाई, राणीनं मिशी का लावली?"

राजानं आवाज ओळखला. तलवारीवरचा हात काढून त्यानं आमच्या बाजूला नमस्कार केला, आणि मग वळून राणीला लढाईला जातो म्हणून सांगितलं.