दोन मागच्या दारांमधली फरशी

घरात तिला मोठी म्हणत आणि गल्लीत भिंगरी. पहिलं नाव थोरली सून म्हणून आपोआप मिळालं होतं, दुसरं तिनं स्वतःच्या कर्तृत्वावर कमावलं होतं. निवांत बसलेली अशी ती कुणाला दिसायचीच नाही. जे काय बसणं व्हायचं ते शिलाई मशीनपुढे, आणि तिथेही पाय चालूच. पॅन्ट आखूड करणं, पडदे दुमडणं, चेन बदलणं, अंगानं सुटलेल्या माणसांचे कोट उसवून सैल करून देणं हा तिचा धंदा. नवीन कपडा ती शिवत नसे. "नवीन कुणीही शिवेल," म्हणायची, "बिघडलेलं नीट करायला अक्कल लागते."

मशीन मागच्या खोलीत खिडकीला लावलेलं होतं. खिडकीबाहेर बाग, आणि बागेपलीकडे धाकट्या जावेचं घर. दोघा भावांनी एकाच जागेत पाठीला पाठ करून घरं बांधली होती. पुढची दारं दोन वेगळ्या रस्त्यांवर, मागची दोन्ही बागेत. पुढच्या दारानं एकमेकांकडे जायचं तर सगळ्या आळीला वळसा पडायचा, म्हणून तसं कधी कुणी गेलं नाही. दोन्ही स्वयंपाकघरांची दारं बागेत उघडत, आणि त्यांच्यामध्ये जाऊन येऊन एक पायवाट पडली होती.

ही वाट सरळ नव्हती. मध्यावर आल्यावर ती उगाचच डावीकडे पोट काढून मग पुन्हा जाग्यावर यायची. घरं बांधली तेव्हा तिथे वाळूचा ढीग होता. वाळू कधीच संपली, धाकटीचा मुलगा जन्मला, शिकला, दुसऱ्या शहरात नोकरीला लागला, तरी दोघी जावा अजून त्या ढिगाला वळसा घालूनच जायच्या. मोठीचा नवरा पाणीखात्यातून निवृत्त झालेला, नळाच्या सरळ रेषा आखण्यात जन्म गेलेला माणूस. त्यानं एकदा विचारलं, "अगं, सरळ का जात नाहीस? मध्ये आहे काय?"

"वाळू," म्हणाली आणि वळसा घालून निघून गेली.

एके सकाळी ती एका बँकेच्या रखवालदाराची पॅन्ट आखूड करत होती. खिडकीतून तिला दिसलं की धाकटीच्या मागच्या पडवीत कुणीतरी माणूस लोखंडी टेप लावून माप घेतोय. शर्ट खोचलेला, बूट चकचकीत. त्यानं पडवीची लांबी घेतली, रुंदी घेतली, मग आत गेला. धाकटी हाताची घडी घालून दारात उभी होती आणि एकदाही तिनं मोठीच्या खिडकीकडे पाहिलं नाही. मशीनवरचे पाय थांबले.

दुपारी मोठीनं गाठलंच. "सकाळी कोण आलं होतं गं?"

"रंगवाला," धाकटी म्हणाली. "किती खर्च येईल ते बघायला."

मोठीचा जन्म मापं घेण्यात गेला होता, तिला कोण फसवणार? रंगवाला भिंती मोजतो. जमीन मोजतो तो घर विकत घेणारा, नाहीतर विकून देणारा. मुलाला नुकतंच बाळ झालं होतं, सुनेची रजा संपत आली होती, आणि धाकटे भाऊजी हल्ली फोनवर बोलताना पुढच्या अंगणात जाऊन बोलायचे. मोठीला काही कळायचं बाकी राहिलं नाही. तो मुलगा तिचाही होता. तिला स्वतःला मूल झालं नाही, आणि याला पायवाटेवरच चालायला शिकवलं तिनं, मोठीआई म्हणायचा. आता त्याला आई हवी होती, मोठीआई नको होती. हे तिच्या मनाला फार लागलं, पण बोलणार कुणापाशी?

दुसऱ्या एखाद्या घरात सरळ विचारून मोकळे झाले असते. या दोघींच्यात सरळ विचारायची पद्धतच नव्हती. धाकटी रागावली आहे का हे बघायचं असलं की मोठी लिंबू मागायला जायची. लिंबू हातात दिलं तर राग नाही, ओट्यावर ठेवलं तर आहे. इतकी वर्षं संसार असाच नीट चालला होता. तेव्हा आताही मोठीनं लिंबासारखंच काहीतरी शोधून काढलं.

"मी काय म्हणते," दुसऱ्या दिवशी ती धाकटीच्या दारात जाऊन म्हणाली, "आपण ही वाट फरशीची करून घेऊ. पावसात किती चिखल होतो. कुठली घालायची?"

जाणारं माणूस म्हणेल, कशाला आता. राहणारं माणूस रंगावरून वाद घालेल. असा मोठीचा हिशोब होता. शिवाय आत कुठेतरी एक वेडी आशाही होती, की दारापर्यंत दगड बसवला की त्या दारातून उठून जायला माणसाचं मन होणार नाही.

"तुम्हाला आवडेल ती घाला, ताई," धाकटी म्हणाली.

हे लिंबू ना हातात होतं ना ओट्यावर. मोठीच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच.

त्या दिवसापासून तिनं फरशीच्या दुकानाचा उंबरठा झिजवायला घेतला. दुकान म्हणजे पुढे काचेची खोली आणि मागे उघडं आवार. आवारात फरश्यांच्या थप्प्या आणि सगळीकडे धूळ. दुकानदार पोट सुटलेला, बोलका, कानामागे पेन्सिल खोचलेला. पहिल्या दिवशी मोठी कपड्यांची टेप घेऊन गेली आणि वाटेचं माप "बावीस टेपा आणि वर थोडं" असं सांगितलं. तो हसून हसून खोकायला लागला. "मावशी, बागेला काय झगा शिवताय?" मोठीनं त्याच्या पोटाकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "तुझी पॅन्ट आणून दे, कमरेत दोन बोटं सोडून देते." मग तो जरा अदबीनं बोलायला लागला.

नमुने घरी न्यायची मुभा होती. आधी लाल मातीची फरशी आली. ती गवतावर ठेवून मोठी सकाळी बघायची, दुपारी बघायची, संध्याकाळी मशीन सोडून पुन्हा बघायची. सकाळी छान वाटायची, दुपारी भडक. मग काळसर दगडी आली. ती उन्हात इतकी तापली की अनवाणी पाय ठेवून मोठीनं टुणकन उडी मारली. मग एक गुळगुळीत, पिवळसर, आत चमचम करणारी. ही तिला मनापासून आवडली, आणि तेवढ्यानंच शंका आली. नवरा वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाला, "सरळ रेषेत घातलीस तर पुष्कळ कमी लागेल." मोठीनं पिवळसर फरशी उचलली आणि वळशावर नेऊन ठेवली.

कामात लक्ष कुठलं? दोरा तुटायचा, सुई मोडायची. रखवालदाराची पॅन्ट तिनं एकदा आखूड केली, घडी घातली, आणि संध्याकाळी विसरून पुन्हा आखूड केली. तो बिचारा घालून आरशापुढे उभा राहिला. "काकू, ही पोहायला जायची आहे का?" मोठीनं स्वतःच्या पदरचं कापड लावून ती लांब करून दिली, आणि तेवढ्या वेळात तीनदा उठून खिडकीबाहेर बघितलं.

धाकटी रोज यायची. पूर्वीही यायची, पण हल्ली येण्यात काहीतरी निराळं होतं. दारात येऊन उभी राहायची, ओले हात पुसत राहायची, पुसून कोरडे झाले तरी पुसायची. "ताई, जरा बोलायचं होतं."

"बोलू गं, आधी ही बघ," म्हणून मोठी तिच्या हातात लाल फरशी द्यायची. "उन्हात धर. भडक नाही ना वाटत?"

"नाही वाटत."

"आणि ही दगडी?"

"तीही चांगली आहे."

"अगं, एक काहीतरी सांग की!"

"तुम्हाला आवडेल ती, ताई." मग थोडा वेळ फरशीचं वजन हातात पेलत उभी राहायची, खाली ठेवायची आणि वळसा घालून परत जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा तर ती आत येऊन, खुर्ची ओढून, "ताई, बसा बघू तुम्ही आधी," म्हणाली. मोठीला धडकीच भरली. ती बसली नाही. चमचमणारी फरशी आणायच्या निमित्तानं बाहेर पळाली आणि ती सापडत नाही, सापडत नाही म्हणत धाकटी उठून जाईपर्यंत बागेत हिंडत राहिली.

शेवटी दुकानदार वैतागला. "मावशी, तुम्ही माझं अर्धं दुकान घरी नेऊन परत आणलंत. आता ठरवा काहीतरी. गवंडी मोकळा आहे तोवर आहे."

"उद्या ठरवते," मोठी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी धाकटीला हाताला धरून दुकानात घेऊन गेली. रस्ताभर तीच बोलत होती. फरशीवर, उन्हावर, गवंड्यावर, जगातल्या यच्चयावत गोष्टींवर बोलली, श्वास घ्यायलासुद्धा थांबली नाही.

आवारात धाकटी शांतपणे सगळ्या थप्प्यांमधून फिरली. मग दुकानदाराला म्हणाली, "एक बादली पाणी द्या. आणि साबण आहे का?"

दुकानदार चक्रावला, पण त्यानं दोन्ही आणून दिलं. धाकटीनं चार नमुने जमिनीवर ओळीनं मांडले, त्यांच्यावर साबणाचं पाणी ओतलं, चपला काढल्या आणि एकेकावर चालून बघितलं. मग वळली. "ताई, आता तुम्ही. चपला काढा."

"मी कशाला?"

"काढा म्हणते ना."

तिनं मोठीचं कोपर धरलं. चमचमणाऱ्या फरशीवर मोठीचा पाय सर्रकन गेला आणि कोपरावरची पकड घट्ट झाली. लाल फरशीवरही जरा गेला. शेवटी एक राखाडी, खरबरीत, कुणी ढुंकूनही बघणार नाही अशी फरशी होती. तिच्यावर पाय ठेवला तो ठेवला तिथेच राहिला.

"ही घ्या," धाकटी म्हणाली.

"ही?" मोठीनं नाक मुरडलं. "अशी तर बसस्टँडच्या संडासापुढे असते!"

"असू दे. तुमचा गुडघा आठवतोय ना, नळापाशी लचकला होता तो? थंडीत सकाळी दव असतं. कपडे वाळत घालायला तुम्ही एकट्याच बाहेर येणार, घरात टीव्ही चालू असला की हाकसुद्धा ऐकू जायची नाही..."

ती थांबली. एकट्याच हा शब्द बोलून झाला होता, आता गिळता येणार नव्हता. दुकानदार बादली उचलायच्या निमित्तानं जरा लांब सरकला.

मोठीच्या पायाखाली साबणाचा फेस होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं कुठल्याही वळशाशिवाय विचारलं, "जाणार आहेस?"

"हो."

"ठरलं?"

"घराचा व्यवहार ठरला. पुढच्या महिन्यात निघायचं."

मोठीचा राग उसळून आला. "आणि मला सांगायला काय झालं होतं? रंगवाला म्हणे! मी काय परकी आहे? डोळ्यांत धूळ फेकलीस माझ्या!"

"रंगवाला म्हणाले ते चुकलंच माझं. त्या दिवशी तोंडातून खरं बाहेर पडेना." धाकटीचे डोळे भरून आले होते, पण आवाज चढला. "पण नंतर रोज सांगायला येत होते, ताई. रोज. तुम्ही माझ्या हातात फरशी द्यायचात. मी काय फरशी बघायला येत होते?"

धाकटी दारात उभी राहिली की मोठीला कळायचंच. कळायचं म्हणून तर हात आपोआप नमुन्याकडे जायचा. रंग विचारला की तेवढा एक दिवस पुढे ढकलला जायचा. अशी किती दिवस तिनं ढकलगाडी चालवली होती आणि ती बिचारी धाकटी ते न बोललेलं ओझं घेऊन रोज परत जात होती. मोठीला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त रडू आलं. दोघी जावा दुकानाच्या आवारात, अनवाणी, फेसात उभ्या राहून रडल्या. एक माणूस नळाची तोटी विकत घ्यायला आला होता, तो आल्या पावली परत गेला.

बऱ्याच वेळानं दुकानदार खाकरला. कानामागची पेन्सिल काढली. "मग... नको का आता?"

"नको कशाला?" मोठी नाक पुसत खेकसली. "घालायची आहे. कपडे वाळत घालायला मी तर येणारच बाहेर. हीच, राखाडी."

"बरं. रुंदी किती धरू? एक फरशी, का शेजारी शेजारी दोन?"

"दोन," मोठी ताबडतोब म्हणाली.

दुकानदार लिहायला वाकला. मोठीनं सवयीनं धाकटीकडे बघितलं, ‘तुम्हाला आवडेल तसं’ हे ऐकायच्या तयारीनं.

"नाही, ताई," धाकटी म्हणाली. "एकच."

"का? दोघींना शेजारी चालता येईल अशी नको? तू काय कधी येणारच नाहीस?"

"येईन. आले की मी गवतातून चालेन." धाकटीनं अजून तिचं कोपर सोडलं नव्हतं. "पण दोन घातल्यात तर रोज सकाळी तुम्ही बाजूची रिकामी फरशी बघत चालाल. मी ओळखते ना तुम्हाला. एकच घाला."

मोठीला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. म्हणावंसं वाटलं, तू कोण मला सांगणारी, वाट माझ्या दारात यायची आहे. पण तिनं कोपर सोडवून घेतलं नाही. दुकानदार पेन्सिल धरून दोघींकडे आळीपाळीनं बघत होता.

"काय लिहू मग, मावशी? दोन की एक?"

"ती सांगतेय ना," मोठी म्हणाली. "एक लिही."