परक्या राणीची गाय

गुसुल गेली तेव्हा तिच्या बरोबरीचं गावात कुणीच उरलं नव्हतं, म्हणून तिची गोष्ट आता जो तो आपल्या सोयीने सांगतो. कुणी म्हणतं तिने राणीला वाचवलं, कुणी म्हणतं राणीने तिला. मला विचाराल तर सगळं केलं ते गाईने. पण गाईचं नाव कोण घेतंय!

राजधानीपासून दीड कोसावर, टेकडीच्या पायथ्याशी गुसुलचं घर होतं. नवरा जहाजांसाठी लाकूड तोडायला वेठीवर गेलेला. घरात ती, चौदा वर्षांची लेक बोदुल, आणि नुरुंगी नावाची पिवळी गाय. गाय नुकतीच व्यालेली, आठ दिवसांचं वासरू अंगणात उड्या मारत होतं.

त्या काळी आमच्या कोर्यो देशाच्या राजाला मंगोल सम्राटाकडे दरसाल मुली पाठवाव्या लागत. सोनं, ससाणे, औषधी मुळ्या, तशाच मुली. शहाण्या आया लेकीला बाराव्या वर्षीच उजवून मोकळ्या होत, कारण लग्न झालेलीला कुणी नेत नसे. गुसुल तेवढी शहाणी नव्हती. "हिला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही, सासरी काय दिवे लावणार?" असं म्हणत तिने दोन वर्षं काढली. आणि मग यादी आली. यादीत तिसरं नाव बोदुलचं. पाचव्या दिवशी मुलीला कचेरीत आणून सोडायची होती.

शेजारची सामवोल आजी म्हणाली, "उद्याच्या उद्या कुणाच्याही गळ्यात बांध. आमचा लंगडा पुतण्या आहे."

"यादी लागल्यावर लग्न लावलं तर कचेरीवाले नवऱ्यालाही धरतात, आजी."

"धरू देत की. तसाही तो कुणाच्या कामाचा नाही."

गुसुलला हसू आलं आणि हसता हसताच ती चुलीपुढे मटकन खाली बसली.

आता तिकडे राजवाड्यात काय चाललं होतं पाहा. त्याच सम्राटाच्या घराण्यातली एक मुलगी आमच्या राजाची राणी होऊन आली होती. नाव नारान, वय सोळा. आली ती आपला जाड लोकरी नमद्याचा तंबू बरोबर घेऊनच. आमच्या खालून विस्तवाने तापवलेल्या ऊन ऊन जमिनीवर तिला झोप येईना, म्हणून तिने भर राजवाड्याच्या चौकात तो तंबू ठोकायला लावला. मुदपाकखान्याने चाळीस वाडगे मांडले: भात, मासे, खारवलेला मुळा, आंबवलेल्या सोयाची आमटी. आमटीचा वास आला आणि राणी नाक धरून बाहेर पळाली. त्यावर सात दिवस झाले. पोरगी नुसत्या गरम पाण्यावर होती. ती उपाशी मेली तर सम्राटाचं घोडदळ विचारायला येणार, या धाकाने राजवाड्यातल्या कुणाच्याच घशाखाली घास उतरत नव्हता.

शेवटी दुभाष्याने तोड काढली. "हे लोक दुधावर वाढतात. दूध आणा."

दूध! आमच्याकडे गाय नांगराला. दूध वासराचं. माणसाने वासराच्या तोंडचं काढून प्यायचं ही कल्पनाच कुणाला शिवली नव्हती. पण हुकूम तो हुकूम. अंमलदार गावोगाव हिंडला आणि ताजी व्यालेली गाय कुठे आहे म्हणून शोधत गुसुलच्या दारात आला.

"गाय सोड."

"आणि वासरू, सरकार?"

"वासरू काय दूध देतं? गाय सोड म्हटलं ना!"

नेली. नुरुंगी सबंध वाट मागे वळून हंबरत गेली. इकडे वासरू कुंपणाला धडका देत राहिलं. बोदुलने त्याला भाताची पेज बोट बोट चाटवली. गुसुलला दोन्ही आवाज सारखेच ऐकू येत होते आणि पाचातले दोन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंमलदार घोडा फेकत परत आला. टोपी वाकडी, अंगरख्यावर शेणाने माखलेल्या खुराचा ठसा.

"तुझी गाय राजद्रोही आहे! थेंब देत नाही. तीन माणसं लाथाडली, त्यातला एक तर खोजांचा मुख्य आहे!"

"पान्हा चोरतेय ती. वासराशिवाय कशी सोडेल?"

"मग हे काल का नाही सांगितलंस?"

"सांगायला तोंड उघडलं होतं, सरकार. आपण गाय सोडायला सांगितलंत."

अंमलदाराने वासराकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं. वासरू काही घोड्यावर बसेना. मग गुसुलने सरपण आणायची पाठीवरची लाकडी मांडणी घेतली, वासराला त्यात चारी पाय बांधून बसवलं आणि निघाली. मागून बोदुलने हात दिलेला, पुढे घोडा, आणि पाठीवर वासरू कानात ओरडतंय. दीड कोस मायलेकी धावतच गेल्या म्हणा ना. बाजारात माणसं दुतर्फा उभी. एकाने विचारलंच, "काय गं, गाढव महाग झालं का?" गुसुल धापा टाकत म्हणाली, "स्वस्त झालंय, बघ ना, घोड्यावर बसून पुढे चाललंय!" नशीब, अंमलदाराला ऐकू गेलं नाही.

राजवाड्याच्या दारात घोळ झाला. असं घाण वासरू राणीच्या चौकात कसं न्यायचं? कामकरी बायका धावल्या. आमच्याकडे अपवित्र काही झालं की दवण्याच्या जातीची उग्र पानं उकळून त्या पाण्याने धुतात. त्यांनी वासराला धू धू धुतलं, पुसलं, गळ्यात लाल फीत बांधली. गुसुल ओरडत होती, "अहो नका, नका!" तिला कोण विचारतंय!

वासरू आईकडे झेपावलं. नुरुंगीने हुंगलं. नुसता पाल्याचा वास! तिने पोटच्या पोराला अशी काही ढुशी दिली की ते फीत घेऊन कोलांटलं.

मुख्य खोजा, म्हणजे कालची लाथ खाल्लेला, लांबूनच म्हणाला, "गाय कापावी आणि हिला चाबकाने फोडावी."

तेवढ्यात तंबूचं दार उघडलं. बाहेर आली ती राणी, असं नंतर सगळे म्हणाले. गुसुलला दिसली ती एक कोरड्या ओठांची पोर, पायात मोठ्या बुटांची जोडी, गालांवर वाऱ्याने उमटलेली लाली अजून गेलेली नाही. तिने गाय पाहिली, फीत पाहिली, हवेत नाक वर करून वास घेतला आणि तिच्या बोलीत एका दमात बरंच काही सुनावलं.

दुभाषा खाकरला. "राणीसरकारांना ही पद्धत तितकीशी पसंत पडलेली नाही." मग गुसुलच्या कानाशी हळूच, "वासराला धुणाऱ्यांना त्याच पाण्यात उकळा म्हणतेय."

राणीने मूठभर मीठ मागवलं. वासराच्या पाठीवर चोळलं, गाईच्या अंगाखालची ओली माती त्याला फासली. मग गाईच्या मानेला गाल लावून ती गायला लागली. गाणं कसलं, "ओऽव, ओऽव" एवढंच, पुन्हा पुन्हा, वर चढणारं आणि खाली येणारं. तिच्या मुलखात जनावराची आई पिल्लाला जवळ घेईनाशी झाली की बायका असंच गातात म्हणे. पाहणाऱ्या दरबारी बायकांनी बाह्यांआड तोंडं लपवली. राणी जनावराला गाणं म्हणते!

नुरुंगीचा एक कान हलला. मग दुसरा. तिने मान वळवली, मीठ चाटलं, पुन्हा चाटलं, आणि चाटता चाटता अशी हंबरली की गुसुलच्या डोळ्यांना धार लागली. वासरू कासेला भिडलं. राणीने बुटांवर उकिडवं बसून दुसऱ्या आचळाला हात घातला.

चुर्र! चुर्र!

वाडगा भरला तशी राणी उठली. आठ-नऊ दिवसांची उपाशी, पण आधी प्यायली नाही. दुधात करंगळीशेजारचं बोट बुडवून तिने आभाळाकडे, वाऱ्याकडे, आपला देश होता त्या दिशेला थेंब उडवले. गुसुलला वाटलं, एवढा जीव काढून मिळवलं आणि सांडतेय काय ही! मग चहा उकळला, त्यात दूध आणि मीठ पडलं, आणि राणीने तीन वाडगे रिचवले. मुख्य खोजा मोजत होता आणि रडत होता.

"गाय कुणाची? काय हवंय विचारा," राणी म्हणाली.

अंमलदार पुटपुटला, "कापडाचा तागा माग, बाई."

गुसुल जमिनीला डोकं लावून म्हणाली, "यादीत तिसरं नाव माझ्या लेकीचं आहे. उद्याचा एकच दिवस उरलाय. काल माझ्या गाईला वासरापासून तोडलंत, त्याने काय झालं ते या चौकाने पाहिलं. मला तागा नको."

दुभाष्याची जीभ अडखळली. अंमलदाराचा चेहरा पांढरा पडला. राणीने मात्र शब्द न् शब्द वदवून घेतला आणि ती बोदुलकडे वळली.

"ती यादी माझ्या माहेरच्यांनी मागवली आहे. ती मला फाडता येत नाही. माझं नावही असंच कुठेतरी लिहिलेलं होतं. पण माझ्या पदरी असलेल्या माणसाला कुणी नेऊ शकत नाही."

मुख्य खोजा लगेच पुढे सरसावला. "पदरी घ्यायचं तर हुन्नर लागतो, राणीसरकार. पोरीला काय येतं?"

"दूध काढता येतं," गुसुल म्हणाली. खोटं, साफ खोटं!

"काढून दाखवू दे."

बोदुलने आयुष्यात आचळाला हात लावला नव्हता. आईकडे पाहिलं, तर आई डोळे मिटून बसलेली. पोरगी गाईपाशी गेली. हात बर्फासारखे गार होते, ते आधी काखेत घालून ऊब दिली. मग खाली बसली, कपाळ नुरुंगीच्या पोटाला टेकवलं आणि काल वासराला पेज चाटवताना म्हणत होती तेच पुटपुटली, "खा गं बाई, खा, आई येईल." पहिल्यांदा दाबलं, काही नाही. दुसऱ्यांदा, नाही. नुरुंगीने मागचा पाय उचलला. खोजा चार पावलं मागे झाला.

गाईने पाय खाली ठेवला. तिसऱ्यांदा एक बारीकशी धार आली, वाडग्यात नाही, थेट बोदुलच्या नाकावर.

राणी खदखदून हसली. आमच्या देशात आल्यापासून पहिल्यांदाच!

बोदुल राहिली. राणीच्या गोठ्याची पुढे ती मुख्य झाली, लग्न झालं, पोरं झाली. यादीतली बाकीची नावं गेली, ती काही कुणाला थांबवता आली नाहीत. गुसुल त्या आयांच्या दारावरून जाताना उभ्या जन्मात मान वर करून चालली नाही.

दर शरदात, कापणीनंतर, बोदुलला तीन दिवस माहेरची सुट्टी. ती निघाली की राणी तंबूच्या दाराशी येऊन तिच्या मागे वाटेवर दूध शिंपडायची. निघताना आपल्या आईने असंच शिंपडलं होतं म्हणायची. आणि बोदुल परत आली की पहिला प्रश्न ठरलेला: "आई कुठवर आली होती?" ओढ्यापर्यंत, असं सांगितलं तर "मागच्या वर्षी पुलापर्यंत आली होती ना? गुडघे दुखतात का?" सगळं खोदून विचारायची. तिची स्वतःची आई पुन्हा कधी तिच्या नजरेला पडली नाही. चाळिशीच्या आतच राणी वारली, इथेच, त्याच तंबूत.

त्या वर्षी बोदुल आली ती गप्पच होती. तीन दिवस संपले. निघताना गुसुल काठी टेकत ओढ्यापर्यंतही येऊ शकली नाही. ती गोठ्यात गेली, राणीने धाडलेल्या नुरुंगीच्या नातीखाली बसली आणि वाडगाभर दूध घेऊन अंगणाच्या तोंडाशी उभी राहिली. बोट बुडवलं आणि लेकीच्या पाठीमागे, वाटेवर थेंब उडवले.

सामवोल आजीचा लंगडा पुतण्या, आता तोही म्हातारा, कुंपणावरून ओरडला, "अगं, वासराच्या तोंडचं सांडतेस? तूच ना म्हणायचीस?"

"गप रे. तुला काय कळतंय!"

वळणावर बोदुल थांबली. तिला आता काही विचारणारं कुणी नव्हतं, तरी तिने मागे वळून नीट पाहून घेतलं, आई कुठवर आली आहे ते.