मामांचा वाघ

माझ्या बायकोच्या मामांइतकी सहलीची तयारी करणारा माणूस शहापूर तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर तो तयारीतून उठून सहलीला निघाला नसणार. ताडोबाला जायचं, जंगलालगत तंबूत राहायचं आणि वाघ बघूनच परतायचं, असं मामांनी शेणव्याला आपल्या ओटीवर जाहीर केलं आणि आम्हा भाचे-जावयांचे सगळे रविवार त्यांच्या ताब्यात गेले. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुलं पुण्यात नोकरीला. त्यामुळे मामांना आवरणारं घरात कोणी नव्हतं.

भात झोडून रिकाम्या झालेल्या खळ्यावर आधी तंबूची तालीम झाली. पहिला तंबू उभा राहिला तेव्हा म्हैस आत डोकावली आणि फुस्स करून निघून गेली. "बघ, तिला पण पटला नाय," म्हणत मामांनी तो पुन्हा सोडवला. मग जंगलातल्या जीपची तालीम. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आम्हाला कोंबून मामा गावाबाहेर चक्कर मारायचे, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. एकदा माझी मेव्हणी शिंकली. मामांनी ट्रॅक्टरच बंद केला. "गेला गो, गेला!" ते कळवळून म्हणाले. ट्रॉलीभर माणसं मान खाली घालून बसलेली पाहून वाटेवरच्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेला रे?"

"वाघ!" मामा म्हणाले.

अखेर आम्ही खरोखरच गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बांबूंतून वाघ निघाला आणि रमतगमत आमच्या जीपसमोरून गेला. आम्ही श्वास रोखून बघत होतो. मामा मात्र वाघाकडे पाठ करून आमच्याकडे वळलेले. "दिसला ना? मागच्यांना दिसला ना रे?" ते एकेकाला खुणेने विचारत होते. सगळ्यांच्या माना हलल्या तेव्हा कुठे ते वळले. समोर नुसता बांबू हलत होता.

आम्ही फार हळहळलो. मामा म्हणाले, "तुमी बघितलात ना? मंग झालं."

परतताना आसनगाव स्टेशनला उतरलो. जो तो रिक्षा पकडायच्या घाईत. मी मामांची पिशवी उचलली, पण ते जागचे हलेनात.

"जावई, येशील ना रे घरी अधनंमधनं?"

"येईन की. काही काम होतं का, मामा?"

मामांनी जरा आठवून पाहिलं.

"काम नाय रे," ते म्हणाले, आणि पांगणाऱ्या भाच्यांकडे बघत राहिले.