न अडकणारी डबी

शिवाजी पेठेत वरच्या तालमीची लेक खालच्या तालमीत दिली, की लोक मांडवातच हसून घेतात. पुढं तिचं काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. दोन्ही तालमींच्या फुटबॉल मॅचच्या दिवशी तिनं टाळ्या वाजवल्या तरी चुकलं आणि नाही वाजवल्या तरी चुकलं. संघप्रिया तशी शहाणी. तिनं लग्नाआधीच टाळ्या सोडल्या आणि कॅमेरा धरला. कॅमेऱ्यामागं उभ्या बाईला कोण टाळ्या मागणार, असं तिला वाटलं. तिथंच फसली.

वडील बाबासो वरच्या तालमीचे. जन्मभर सिटी बस हाकली, पण मॅच असली की त्यांच्या अंगात ताप भरायचा आणि रजा पडायची. नवरा प्रसेनजीत खालच्या तालमीचा गोलकीपर. आणि संघप्रिया स्पर्धेचं रेकॉर्डिंग करायची. मैदानाच्या चार बाजूंना चार कॅमेरे, चारींच्या वायरी एका कॉम्प्युटरला, आणि कॉम्प्युटरला जोडलेली एक डबी. डबी म्हणजे ती एसएसडी, चित्रण साठवायची. सगळी मॅच त्या डबीत जाऊन बसायची.

दोन्ही तालमी समोरासमोर आल्या त्या दिवशी उत्तरार्धात वरच्या तालमीच्या पोरानं सणसणीत चेंडू मारला. प्रसेनजीतनं तो धरला. पण गोलच्या रेषेवर धरला की रेषेच्या आत, यावर अर्धं स्टेडियम मैदानात उतरलं. पंचांनी संघप्रियाच्या टेबलाकडं बोट केलं. तिनं रेकॉर्डिंग मागं घेतलं. चेंडू पायावरून सुटलेला दिसला, मग चित्र थिजलं, आणि परत हललं तेव्हा चेंडू प्रसेनजीतच्या पोटाशी. मधलं काही नाहीच.

वरची तालीम म्हणाली, नवऱ्यासाठी पुसलं. खालची तालीम म्हणाली, चेंडू बाहेरच होता, ते दिसू नये म्हणून माहेरासाठी पुसलं. एवढ्या वर्षांत दोन्ही तालमींचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते हे. बाबासोंनी लेकीच्या दारावरून जाताना मान वळवायला सुरुवात केली. घरात सासू आक्काताई काही बोलायच्या नाहीत, पण भांडी फार जोरात ठेवायच्या.

कमिटीनं मॅच परत खेळवायची ठरवली. संघप्रियानं हात जोडून सांगितलं की या वेळी दुसऱ्या कुणाला बोलवा. कमिटीचे पिराजी अण्णा पेठेतले जुने, त्यांनी पापणीसुद्धा लवू दिली नाही.

"आता न्हाय म्हणालीस तर केलंस असं हुतंय बघ, पोरी."

केलं तर संशय, सोडलं तर कबुली. आणि पुन्हा एकदा चित्र थिजलं असतं तर तिला दोन्ही घरांच्या गल्लीतून मान वर करून चालता आलं नसतं. पेठ सोडून जायचं म्हटलं तर जाणार कुठं?

तिनं मग डबीचाच छडा लावला. तीच डबी काढली, तिच्यातल्या उरल्या जागेत एकसारखं चित्रण भरत राहिली आणि बघत बसली. सुरुवातीला डबी वाऱ्यासारखी पळाली. थोड्या वेळानं एकाएकी मुंगीच्या चालीवर आली. ते कसं, तर घराच्या सोप्यासारखं, दारालगतच्या पुढच्या खोलीसारखं. लग्नाचं सामान आलं की माणसं ते आधी सोप्यात टाकतात, आणि मग सावकाश आत माळ्यावर लावतात. सोपा रिकामा आहे तोवर सामान उतरवायला किती वेळ लागतोय? पण सोपा भरला की दारातल्या टेम्पोला थांबावंच लागतं. डबीचंही तसंच. खोक्यावर वेगाचा मोठा आकडा छापलेला असतो तो सोप्याचा. आत माळ्यावर किती वेगानं जातं, ते कोणी छापत नाही.

आणि घर जितकं भरलेलं, तितका सोपा लहान. संघप्रियाची डबी तर शिगोशीग भरली होती. का, तर दोन्ही तालमींची एकच अट होती, आमची जिंकलेली मॅच पुसायची न्हाय. हरलेली कुणी मागत नव्हतं, ती खुशाल पुसा. पण इथली प्रत्येक मॅच कुणीतरी जिंकलेलीच की! त्यामुळं एकही पुसली गेली नव्हती. पेठेचे सगळे विजय त्या डबीत कोंबून बसवले होते, आणि नव्या गोलाला सोपाच पुरला नव्हता.

हे तिनं दोन्हीकडं समजावून सांगितलं. कुणाला पटलं, कुणाला नाही. शेवटी ठरलं की जुनी डबी विजयांना द्यायची आणि नवी घ्यायची. पण ती घेताना दोन्ही तालमींचा एकेक माणूस हजर पाहिजे. वरच्या तालमीनं बाबासोंना पाठवलं. खालच्या तालमीतून कोण येणार म्हणून संघप्रिया वाट बघत होती, तर आक्काताई नवं लुगडं नेसून पायरीवर उभ्या.

राजारामपुरीतल्या दुकानात व्याही आणि विहीण दोन स्टुलांवर बसले. एकमेकांना जयभीम घातला, तेवढंच. दुकानदार राजवीरनं लखलखीत खोकं पुढं केलं. त्यावरचा आकडा बघून बाबासो खूश.

"ही घे. गाडी पळाय पायजे."

संघप्रियानं राजवीरला विचारलं की हा वेग मॅच संपेपर्यंत टिकतो का. राजवीर म्हणाला, ताई, असं आजवर कुणी विचारलंच नाही. मग तिनं स्वतःचा कॉम्प्युटर काउंटरवर मांडला आणि राजवीरला मस्का लावून डब्या भरून बघायला मागितल्या. लखलखीत डबी पळाली, पळाली आणि बसली. हात लावला तर तव्यासारखी तापलेली. दुसरी एक जाडजूड, करड्या रंगाची, तिच्या खोक्यावरचा आकडा निम्मासुद्धा नव्हता. ती पहिल्यापासून एकाच चालीनं चालली. चहा आला, चहा संपला, तरी तीच चाल. किती लिहिण्या-पुसण्यानंतर झिजेल याची हमी तिच्या कागदावर होती, तीही लखलखीत डबीपेक्षा दांडगी.

"लई हळू हाय की गं," बाबासो कुरकुरले.

"हळू हाय, पण थांबंना झालीय, पावणं," आक्काताई म्हणाल्या. "थांबलेलं दोघांनी बी बघितलंय न्हवं?"

बाबासोंनी लखलखीत खोकं मागं सारलं. करडी डबी घेतली. तिच्यात काही म्हणजे काही भरायचं नाही, मॅच होईपर्यंत ती कोरी राहील, हे संघप्रियानं दोघांकडून कबूल करून घेतलं. डबी पिशवीत टाकताना तिला पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं. रस्त्यावर येईपर्यंत टिकलं ते.

परत खेळवलेली मॅच गोलाशिवायच चालली. संपत आली तेव्हा कोपऱ्यातून चेंडू आला, गर्दीत कुणाच्या तरी डोक्याला लागला, आणि प्रसेनजीत त्याच्यावर पडला. उठला तो हात हलवत, की आत गेला नाही. पुन्हा आरडाओरडा, पुन्हा पंचांचं बोट टेबलाकडं. प्रसेनजीत जागचा हलला नाही. लांबूनच बायकोकडं बघत राहिला. त्या बघण्यात काय होतं ते तिला कळलं. चेंडू कुठं होता, हे त्याला ठाऊक होतं.

तिनं रेकॉर्डिंग मागं घेतलं. तिच्या मनात एकदा येऊन गेलं, थीज बाई. डबी थिजली नाही. चेंडू हळूहळू, सगळ्यांना दिसेल असा, रेषा ओलांडून आत गेला आणि मग प्रसेनजीतचा हात आला.

वरची तालीम जिंकली. बाबासो टेबलापाशी येऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवून गेले. खालच्या तालमीनं झेंडे गुंडाळले. बोलायला जागाच नव्हती, सगळं दिसत होतं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला ताट वाढलं. आक्काताई न आपटता भांडी ठेवत होत्या, त्याचंच तिला भ्या वाटत होतं. प्रसेनजीत भाकरी मोडून तशीच धरून बसला होता.

"ही डबी अडकत न्हाय व्हय कधी?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"जरा अडकली असती, तर काय बिघडलं असतं?"

वरच्या गल्लीतून हलगी जवळ येत होती. माहेरची माणसं गुलाल घेऊन तिच्याच दाराकडं निघाली होती, तिचा सत्कार करायला. तिनं उठून दाराला आतून कडी घातली.