काशीमावशींचा तुकडा

काशीमावशी भेटल्या की आधी बोलायच्या नाहीत, आधी पदर चिमटीत धरायच्या. साडी असो, ओढणी असो, नाहीतर कुरियरवाल्याचा शर्ट असो. कापड बोटांत दोनदा चोळायच्या आणि मग निकाल द्यायच्या. लग्न होऊन मी पनवेलच्या या बिल्डिंगमध्ये आले, तेव्हा जिन्यातच माझा पदर धरून म्हणाल्या होत्या, "कोरी हाय अजून. धा वर्सं धू, मंग मला दे." मला वाटलं, बाई जुन्या कपड्यांवर भांडी देणारी असावी.

मावशी मूळच्या उरणकडच्या, मोरा बंदरावरच्या कोळीण. मुलगा दिलीप, सून, नात तिकडेच. मावशी मात्र पनवेलच्या उरण नाक्याजवळच्या बाजारात मासळी विकायच्या, म्हणून आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत एकट्याच राहायच्या. सकाळी बाजार, दुपारी गोधडी. लिंबाची साल हातांना चोळून मासळीचा वास घालवल्याशिवाय सुईला हात लावायच्या नाहीत. गोधडी कडेकडून शिवत मध्ये न्यायची, हा त्यांचा नियम. मी एकदा मधूनच टाके घालायला बसले, तर हातातून सुई काढून घेतली. "मदून सुरवात केली का फुगते गो. मानसासारकी." मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. मला कोणी असं गप्प केलेलं फारसं खपत नाही, पण मावशींचं खपायचं.

आम्हाला मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवससुद्धा झाले. ते सासूबाईंनी केले आणि मी मान खाली घालून प्रसाद खाल्ला. मग दत्तक घ्यायचं ठरवून नाव नोंदवलं आणि वाट बघत बसलो. वर्षांमागून वर्षं गेली. एका सकाळी श्रीकांतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, फोनवर फोटो आला. सात महिन्यांची मुलगी, एक मूठ तोंडात. आम्ही त्याच दिवशी होकार कळवला. कागद पुरे होऊन तिला आणायला जायला तीन आठवडे होते. मी फोटो मावशींना दाखवला. त्यांनी स्क्रीनवरच बोट फिरवलं आणि विचारलं, "हिला जुनेर कोन देनार?"

आपल्याकडे तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत. घरातल्या माणसांच्या अंगावर मऊ झालेलं, म्हणजे जुनेर, त्याची गोधडी करतात. "हिच्या रक्ताचं कोन नाय," मावशी म्हणाल्या, "तवा घराघरातून मागाचं. प्रत्येकानं अंगावरचा द्याचा." आणि निघाल्याच. सोळा बिऱ्हाडं पालथी घातली. तिसऱ्या मजल्यावरच्या बेने इस्राएली पेणकरकाकांची मुलं केव्हाच इस्राएलला गेलेली. त्यांनी वारलेल्या बायकोच्या साडीचा पदर कापून दिला आणि दार लावून घेतलं. नसीमभाभींनी मोठ्या मनाने चमकी लावलेली ओढणी काढली, तर मावशींनी चिमटीत धरून परत केली. "ह्ये पलाष्टिक हाय भाभी. पोर उकडून काडशील." भाभी हसत आत गेल्या आणि अम्मीचा सुती दुपट्टा घेऊन आल्या. रोज दुपारी गच्चीवर टाकीच्या सावलीत गोधडी पसरायची. ज्या बायका पाण्याच्या मोटारीवरून एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या एकाच कडेला टाके घालत होत्या. माझ्या आयुष्यातल्या त्या सगळ्यात सुखाच्या दुपारी. ते तेव्हाही कळत होतं.

गोधडी होत आली, मधोमध एक चौकोन राहिला. मी मोजले तर सगळ्या घरांचे तुकडे होते, मावशींचा नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, "माजा नाय चालत. दोन पोरं मातीत घातलीत म्या. तशा बाईचं कापड लेकराच्या अंगाला लागू देत नाय. सासूनं सांगितलंय." दिलीपच्या आधीची दोन, तान्हेपणीच गेलेली. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. एरवी बिल्डिंगमधलं प्रत्येक बाळ त्यांच्या मांडीवर वाढलेलं. कडेवर घ्यायच्या, न्हाऊ घालायच्या. फक्त स्वतःचं कापड द्यायच्या नाहीत. मी जंतू, लस, कुपोषण असा अख्खा तास घेतला. त्या दोऱ्याला गाठ मारत म्हणाल्या, "तुजी शाळा शाळंत ठेव."

मी ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा दुपारची होती. मावशी बाजारात गेल्यावर दोरीवर वाळणाऱ्या त्यांच्या जुन्या लुगड्याचा काठाजवळचा तुकडा मी कापला आणि मधल्या चौकोनात बसवला. टाके म्हणजे बोटबोटभर. मला वाटत होतं, मी मोठंच काही करते आहे. मावशींनी आल्या आल्या ओळखलं. मी ओरडा खायच्या तयारीत. पण त्या खाली बसल्या आणि तुकड्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिल्या. डोळ्यांतून पाणी. "माजा कुनी मागितला नव्हता गो कंदी," म्हणाल्या. "काय नाय ना व्हनार?" मी म्हणाले, "काही होत नसतं मावशी, मी सांगते ना." मग त्यांनी माझे टाके उसवले आणि तो तुकडा स्वतःच्या हाताने, तांदळाच्या दाण्याएवढ्या टाक्यांनी शिवला. तो मंगळवार होता.

शुक्रवारी संस्थेतून फोन आला. मुलीला ताप आला, तो छातीत उतरला, दवाखान्यात नेलं, पहाटे गेली. फोनवरच्या बाईही रडत होत्या. मी नुसती "बरं, बरं" म्हणत राहिले. संध्याकाळी बिल्डिंगमधले सगळे येऊन बसले. मावशी दाराशीच उभ्या. त्यांनी एकच विचारलं, "ताप कंच्या दिसाला आला?"

मी विचार न करता म्हणाले, "मंगळवारी."

बोललेला शब्द परत घेता येत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. मावशी वळल्या. भिंतीला हात लावत जिना उतरून गेल्या. चार दिवसांनी दिलीप टेम्पो घेऊन आला आणि खोली रिकामी झाली. गोधडी आमच्या दाराशी घडी घालून ठेवलेली होती. मधला तुकडा काढून घेतला होता, टाक्यांची भोकं तेवढी राहिली होती.

मी मोऱ्याला दोनदा गेले. न्यूमोनिया म्हणजे काय ते सांगितलं, संसर्ग ताप यायच्या आधीपासून अंगात असतो हे सांगितलं, डॉक्टरांचा कागद दाखवला. मावशींनी तो नीट बघितल्यासारखं केलं, चहा दिला. "तुजा काय दोष नाय बाय. तू शिकल्याली हायस," म्हणाल्या. "म्या ऐकाचं नव्हतं." तिसऱ्यांदा गेले, तेव्हा घरात असून बाहेर आल्या नाहीत. इकडे आमची वयं वाढली, तान्हं मूल मिळण्याची मुदत उलटली. श्रीकांत म्हणाला, आता पुरे. मीही नोंदणी पुढे चालवली नाही.

गेल्या महिन्यात मावशी गेल्या. झोपेतच, त्रास झाला नाही म्हणे. मी भेटायला गेले, तेव्हा दिलीपची बायको अंगणात बसली होती. तिच्या पायाशी दोन वर्षांची नात खेळत होती, म्हणजे मावशींची पणती. ती इथेच, याच घरात वाढलेली.

"आईंचं येक कळलं नाय बघा," सून म्हणाली. "येवडी पोरांची हौस त्यांना. पन ह्या पोरीला येकदा बी मांडीवर घेतली नाय. ती रांगत जवळ गेली का ह्या उठून भायेर जायाच्या. बोट लावू दिलं नाय सवताला. पोरगी रडायची, आमी चिडायचो. तुमच्याकडं येवडी वर्सं व्हत्या. तुमाला काय बोलल्या व्हत्या का?"

पोरगी माझ्या ओढणीचं टोक धरून उभी होती.

"नाही," मी म्हणाले.